हिरो पहिल्याच सीनला लेव्हल ९९: जुने आरपीजी गेम आणि अलीकडचे पिक्चर

तिसरं_रेल्वेगेट

शनिवारी घरी 'छावा' परत लावला होता. बुऱ्हाणपूरच्या धाडीत राजे खड्ड्यात पडतात, समोर सिंह. सगळं घर श्वास रोखून बसलेलं, आणि आमचे चिरंजीव (वय अकरा) म्हणतात, "पप्पा, बॉस फाईट एवढ्या लवकर? मग पुढं काय राहिलं?" बायकोनं त्याला गप्प केलं. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं ते बसलंच, म्हणून हा धागा.

पोराचं चूक नाही. कुठलाही मोठा पिक्चर घ्या, हिंदी, कन्नड, तेलुगू, काही का असेना. हिरो येतो तोच लेव्हल ९९ वर, म्हणजे गेमच्या भाषेत पूर्ण तयार होऊनच. आधी बूट, मग पाठ, मग पन्नास माणसं आडवी, आणि मग कुठं तोंड दिसतं. पुढचे अडीच तास तो ९९ चा ९९च.

आमच्या पिढीनं आरपीजीत (रोल-प्लेइंग गेम, कच्च्या गड्याला लढत लढत लेव्हल वाढवत मोठं करायचं) उंदीर मारलेत. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये पुढं देवाच्या वंशाचा वगैरे ठरणारा आपला गडी सुरुवातीला काय करतो? कँडलकीपच्या कोठारात रीव्हर नावाच्या भांडाऱ्याचे उंदीर मारतो. १९९७ च्या 'फॉलआऊट'मध्ये व्हॉल्ट १३ चं दार मागं बंद होतं आणि बाहेरच्या गुहेत पहिलं भेटतं कोण? उंदीर.

फॉलआऊटचा किस्सा सांगतोच. व्हॉल्टची पाण्याची चिप बिघडलेली असते, नवी शोधून आणायला १५० दिवस. मी नववीत, मराठी मीडियम. मला वाटलं खरेखुरे १५० दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीनं एक फुली मारायची आणि गेममध्ये वाळवंटात निवांत हिंडायचं, असं चाललं होतं. दोन रविवारांत तिकडचे दिवस संपले, व्हॉल्टमधली सगळी माणसं तहानेनं मेली. कालनिर्णयवर अजून गणपतीसुद्धा यायचे होते. वर आजीला त्या फुल्या म्हणजे दुधाचे खाडे वाटले आणि महिनाअखेरीला ती दूधवाल्याशी जोरात भांडली. मी तोंड उघडलं नाही.

त्या मेलेल्या व्हॉल्टचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं अलीकडच्या एकाही हिरोबद्दल वाटलेलं नाही. लिहा बघू तुमचं. स्पॉयलर चालतील, पाव शतक झालं त्याला.

कुंदा_खाऊ

काय लिहून लागलायस बा तिसरं गेट! थेटरात आपण शिट्टी मारायला जातोय, उंदीर मारायला न्हवे.

२०२२ ला 'केजीएफ २' पहिल्या दिवशी पहिला शो बघितलाय मी. रॉकी आला तसं मागच्या रांगेतनं चिल्लर उडायला लागली, एक रुपया माझ्या कानाला लागला. माझ्या एका बाजूला अनगोळचा, दुसऱ्या बाजूला गोकाकचा, एकाला धड कन्नड येत नाही आणि दुसऱ्याला मराठी. तिघं मिळून नाचून लागलोय. कुठल्या गेमात हे मिळतंय सांग.

आणि लेव्हल एकचं कौतुक मला नको सांगू. सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानात गिऱ्हाईक, उधारी, जीएसटी. दिवसभर उंदीरच मारतोय की मी. रात्री तरी कुणीतरी ९९ वाला दिसू दे.

तिसरं_रेल्वेगेट

@कुंदा_खाऊ, कानाला लागलेला रुपया ठेवलायस का परत टाकलास?

कुंदा_खाऊ

ठेवला. पार्किंगला उपयोगी आला.

तंबाखूवखार

निपाणीहून नमस्कार. विषय लय भारी काढलाय.

माझं ऐका. साल २००० च्या आसपास आमच्या इथं एकानं प्लेस्टेशन भाड्यानं लावलं होतं, तासाला वीस रुपये. बाकी सगळी पोरं कुस्तीचा नाहीतर गाड्यांचा गेम लावायची, मी आणि माझा चुलतभाऊ 'फायनल फँटसी ७'. तीन सीडींचा गेम तासाच्या हिशेबानं खेळायचा म्हणजे काय येडेपणा असतो बघा. मालकाकडं मेमरी कार्ड एकच, आणि कार्डात जागा मोजून पंधरा ब्लॉक. एकदा सोमवारी जाऊन बघतो तर आमची फाईल गायब, तिथं कुणाच्यातरी क्रिकेटची फाईल. बत्तीस तास. भावानं मालकाला काय काय म्हटलं ते इथं लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

मग आम्ही दोघांनी वर्गणी काढून कोल्हापुरातनं आपलं कार्ड आणलं आणि पहिल्यापासनं सुरू केलं. ह्या वेळी ठरवलं, एरिसला भारी करायचं (आपल्या टोळीतली मुलगी; जुन्या इंग्रजीत एरिस, आताच्या रीमेकात एरिथ). प्रत्येक लढाईत तीच पुढं, चांगली मटेरिया (शक्तीचे खडे) तिलाच. आणि पहिली सीडी संपता संपता खलनायक सेफिरॉथ वरनं येतो आणि तिच्या पाठीतनं तलवार आरपार. आम्ही आधी कधी एवढं लांब पोचलोच नव्हतो, कुणी सांगितलंही नव्हतं. भाऊ म्हणाला, "थांब, फीनिक्स डाऊन हाय की आपल्याकडं." पडलेल्याला परत उठवणारी ती वस्तू मेनू उघडून शोधायला लागला. तिला घातलेली मटेरिया सगळी परत मिळतात. तीच तेवढी मिळत नाही.

पिक्चरमध्ये हिरोची आई मरते, बहीण मरते, दोस्त मरतो. आपण म्हणतो हं, आता सूड. एरिस मेली तेव्हा आमचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं, कारण तिला आम्ही वाढवलेली. तीही वीस रुपये तासानं.

सेव्ह_फाईल

+१. २०२४ चा 'रीबर्थ' (त्याच गेमच्या रीमेकचा दुसरा भाग) पूर्ण केला. दिसतो अप्रतिम. पण तो प्रसंग येणार हे सगळ्या जगाला माहीत, त्यामुळं आपण तिला वाढवताना आधीच हिशेबी झालेलो असतो. तुमच्या चुलतभावाचं फीनिक्स डाऊन शोधणं वाचून पोटात कालवलं.

डायब्लोभक्त

'डायब्लो'चं नावच नाही? धाग्याचा निषेध.

तिसरं_रेल्वेगेट

डायब्लो हा आरपीजी नव्हे, माऊसचं बटण तोडायचं यंत्र आहे. माझे दोन माऊस गेलेत त्यात. शेवट मात्र कबूल, जबरदस्त. राक्षसाला मारून त्याचा दगड आपलाच हिरो स्वतःच्या कपाळात खुपसून घेतो. ९९ ला पोचायची एवढी किंमत एखाद्या पिक्चरच्या हिरोनं मोजून दाखवावी.

मलप्रभाकाठ

कपाळातल्या दगडावरून आठवलं, म्हणून लॉगिन केलं. एरवी मी वाचनमात्र असते.

खानापुरात कॉम्प्युटर फक्त माझ्या मामाकडं, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. त्यानं कुठूनतरी १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' आणला आणि अर्ध्या तासात कंटाळून सोडून दिला, कारण त्यात मारामारी कमी आणि वाचायचं भरमसाट. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. माझं इंग्रजी शाळेनं किती केलं माहीत नाही, ह्या गेमनं बरंच केलं. फक्त बोलताना मी मधेच सिगिल नगरीतल्या चोरांची भाषा वापरायचे, त्याचे मार्क कापले गेले.

कथा अशी. एक माणूस प्रेतागारातल्या ओट्यावर जागा होतो. अंगभर व्रण, नाव आठवत नाही. शेजारी एक बोलकी कवटी तरंगत असते, मॉर्ट. ह्याच्या पाठीवर मजकूर गोंदलेला असतो, पण स्वतःची पाठ स्वतःला दिसणार कशी, म्हणून कवटी वाचून दाखवते. ह्याला मरण नाही. मेला की पुन्हा जागा होतो. आधीच्या जन्मांत तो प्रचंड ताकदवान होता, क्रूरही होता, आणि ते सगळं विसरलाय. तिसरं गेट म्हणतात तो ९९ वाला हिरोच, फक्त पाटी पुसलेली. इथं जुनं काही आठवलं की अनुभवाचे गुण मिळतात. तलवार चालवून मिळतात त्याहून कितीतरी जास्त.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला, कारण माझी आजी अश्वत्थाम्याची गोष्ट सांगायची. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखम भळभळती, तीन हजार वर्षं हिंडायचा शाप, आणि दारोदार तेल मागत फिरतो. एरवी आजी तिन्हीसांजेला घरातलं तेल-मीठ शेजारणीलासुद्धा द्यायची नाही. पण अनोळखी म्हातारा तेल मागत आला तर नाही म्हणू नको, असं मला बजावून ठेवलं होतं. एकदा खरंच एकजण आला. त्याच्या सायकलच्या चेनला तेल हवं होतं. मी वाटीभर गोडं तेल दिलं आणि कपाळाकडं बघत राहिले. तो बिचारा घाबरून गेला.

म्हणून २०२४ ला 'कल्की' बघायला मी अश्वत्थाम्यासाठी गेले. अमिताभ बच्चन दिसतात भव्य, ह्या वयात ती देहबोली, मान खाली घालावी असंच काम. पण त्या अश्वत्थाम्याला जखम आहे असं मला कुठं जाणवलंच नाही. ती मेकअपवाल्याला माहीत आहे, कथेला नाही. तो तेल मागत नाही हो! प्रभासच्या भैरवाशी हाणामारी करतो, गाड्या उडतात. टॉर्मेंटमध्ये रॅव्हेल नावाची चेटकीण एकच प्रश्न विचारते, माणसाचा स्वभाव कशानं बदलू शकतो? आणि शेवटचा सामना तुम्ही नुसतं बोलून जिंकू शकता, एकही वार न करता. सहाशे कोटींच्या पिक्चरला हा प्रश्न परवडत नाही बहुतेक.

(बजेटचा आकडा ऐकीव आहे, त्यावरून भांडू नये.)

कुंदा_खाऊ

गोडं तेल चेनला!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

वाचक_नं_१

वाखुसा (वाचनखूण साठवली). आजीसाठी.

अथणीकर

मलप्रभाकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. भैरवाबद्दल थोडं बोलतो. त्याला कॉम्प्लेक्समध्ये (श्रीमंतांची बंदिस्त नगरी) शिरायला दहा लाख युनिट (तिथलं चलन) जमवायचे असतात, म्हणून तो बक्षिसावर माणसं पकडत फिरतो, सोबत बडबडी गाडी. हा तर सरळ आरपीजीचा साचा. पहिला तास मला तेवढ्यासाठी आवडला. पुढं युनिटांचं काय झालं ते भैरवाही विसरला, दिग्दर्शकही. आणि शेवट म्हणजे पुढच्या भागात भेटू. गेममध्ये सीडी बदला असं यायचं तेव्हा दुसरी सीडी हातात तरी असायची.

आता माझं मत. 'कांतारा'चा (२०२२ चा, पहिला) शिवा हा लेव्हल एक आहे. दारू पितो, जंगलात रानडुकरं मारतो, आईच्या शिव्या खातो. बाप कोलाच्या (दैव अंगात येणारा तिकडचा नाचाचा विधी) वेळी नाहीसा झाला म्हणून कोलाची त्याला भीती. मी आमच्या ऑफिसातल्या कन्नड मंडळींबरोबर डबिंगशिवाय बघितला. आणि गंमत म्हणजे निम्मे संवाद त्यांनाही उमजत नव्हते, कारण ते कुंदापूरकडचं कन्नड. आपल्या अथणी-जमखंडीचं कन्नड वेगळं. मी एकटाच मराठी आणि सगळे मलाच विचारतायत, "एन हेळिद?" मी म्हटलं, बाबांनो, काय म्हणाला ते मला काय विचारता.

तिसरं_रेल्वेगेट

@अथणीकर, शिवा लेव्हल एक? एन्ट्रीलाच कंबळ जिंकतो की! चिखल उडतोय, म्हशी पळतायत, सगळं गाव ओरडतंय.

अथणीकर

कंबळ जिंकणं म्हणजे आपल्याकडं शर्यतीत बैलजोडी पहिली येणं. त्यानं माणूस गावात मोठा होतो, जमीनदारासमोर नाही.

शेवटाकडं बघा. तो जी ताकद दाखवतो ती त्याची नसतेच. गुळिग दैव अंगात येतं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर ज्यांनी हे बघितलंय त्यांना समजावून सांगायला नको. आपल्या शेजारची साधी बाई, जिच्याकडनं आपण काल भाजी घेतली, ती वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. तिची लेव्हल वाढली असं कुणी म्हणतं का? ती उद्या परत भाजीच विकणार. गेमच्या भाषेत सांगायचं तर कंट्रोलर थोडा वेळ दुसऱ्याच्या हातात. हे कुठल्याही आरपीजीत मी बघितलेलं नाही, ऋषभ शेट्टीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते योग्यच झालं.

२०२५ चा 'चॅप्टर १' मात्र मला मोठा वाटला, खोल नाही. राजवाडा, रथ, वाघ सगळं आहे. ती आईची शिवी नाही.

चोर्ला_घाट

'मोरोविंड' (२००२) कुणीच काढला नाही म्हणून. त्यात नकाशावर बाण नाही. गावात कुणाला विचारायचं आणि तो सांगेल तसं जायचं. नदी ओलांड, उत्तरेला वळ, मोठा दगड दिसला की उजवीकडं. कधी सांगणारा चुकीचंही सांगतो. शहरातल्या मित्रांना हे असह्य व्हायचं. मला काहीच वाटलं नाही. जांबोटीच्या पुढं आजही पत्ता असाच सांगतात, मोबाईलला रेंज नसते, आणि "हे काय इथंच" म्हणजे किमान पाच किलोमीटर. माझी शंभर पानी वही अजून आहे, एका बाजूला भूगोल, दुसऱ्या बाजूला बाल्मोरा (गेममधलं शहर). सरांनी बाल्मोराच्या नकाशावरही लाल शेऱ्यानं 'प्रमाण लिहा' असं लिहिलंय.

तंबाखूवखार

'तुंबाड' राहिला. २०१८ ला चुकला होता, २०२४ ला परत लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर बघितला. भावांनो, गेममध्ये आपण ग्राइंडिंग करतो ना, तेच तेच राक्षस मारून पैसे जमवायचे, त्याच्यावरचा हा एकमेव पिक्चर. विनायक विहिरीत उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, पिठाची बाहुली टाकतो, हस्तर (तिथला राक्षस) बाहुली खातोय तोवर त्याच्या कमरेच्या थैलीतनं हाताला लागतील तेवढी नाणी उचलायची आणि दोरीनं वर. मग परत. मग परत. पोरालासुद्धा तेच शिकवतो. आणि शेवटी हाव सुटते, एका बाहुलीऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात, तर तेवढेच हस्तर! थेटरात माझ्या तोंडातनं मोठ्यानं निघालं, "आरं सेव्ह करा आधी." पुढच्या बाईनं वळून बघितलं.

शहापूरकाका

मी गेम खेळत नाही, मुलं खेळायची. ही चर्चा मजेशीर वाटली म्हणून लिहितो. धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

'छावा'ला तुमचं लेव्हलचं गणित लागू पडत नाही. १६८९ साली काय झालं हे ठाऊक नसलेला मराठी माणूस त्या थेटरात नव्हता. आमच्या वेळी बेळगावात मराठी शाळेलासुद्धा पुस्तकं कर्नाटकाची. महाराष्ट्रातल्या पोरांना चौथीला इतिहासाचं पुस्तक होतं तसं आम्हाला नव्हतं. आम्हाला हे सगळं वडिलांनी तोंडी सांगितलं, आणि पुढं शिवाजी सावंतांची कादंबरी गल्लीतल्या वाचनालयातून आणून घरात आळीपाळीनं वाचली. शेवट माहीत असताना माणूस बघायला जातो तो हिरो जिंकेल का हे बघायला नव्हे. तुमच्या त्या मुलीचं, एरिसचं, नव्या गेममध्ये आधीच माहीत असल्यामुळं बिघडलं असं वर कुणी लिहिलंय. आमचं उलट आहे. माहीत असतं म्हणूनच सिंहाचा सीन बघवत नाही. एवढा माणूस, आणि पुढं साखळदंड.

पिक्चरच्या संगीताबद्दल मात्र न बोललेलं बरं. त्या काळाला ते वाजत नाही.

तिसरं_रेल्वेगेट

काका, इथं मी निम्मा हरलो. सिंहाच्या सीनला तुमच्या नजरेनं परत बघतो. निम्माच, कारण बाकीच्या पंचवीस पिक्चरांतल्या हिरोंना असला काही शेवट नसतो.

मलप्रभाकाठ, 'कल्की'चं तुमचं वाचून मी टॉर्मेंट विकत घेतला, आता मोबाईलवरही मिळतो. एवढ्या बारीक अक्षरात तुमचं ते भरमसाट वाचायचं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढणार, ते बिल खानापूरला पाठवीन.

आणि चिरंजीवांना काल रात्री 'बाल्डर्स गेट' लावून दिला. २०२३ चा तिसरा भाग नव्हे, मूळ १९९८ चा. म्हटलं बघ, माणूस कसा मोठा होतो ते. त्यानं हट्टानं जादूगार निवडला. चार हिट पॉईंट, म्हणजे जीव तेवढाच. रीव्हरचे उंदीर व्यवस्थित मारले, मी कौतुक केलं. कँडलकीपमधून बाहेर पडलो, थोडं पुढं गेलो, झाडीतनं एक लांडगा आला. लांडगा म्हणजे कोण, बॉस नाही, कुणी नाही, नुसता रस्त्यावरचा लांडगा. एक चावा. पडद्यावर हात वाळून गेला, खेळ खलास.

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

सेव्ह_फाईल

सेव्ह केला होता ना?

तिसरं_रेल्वेगेट

उंदरांच्या आधी.